दोनशे किलोमीटरांचा जमाखर्च

एका दिवसात सायकलवर २०० किलोमीटर जाणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात आज शेकड्यांनी आहेत. ती काही सगळी पैलवान नाहीत. त्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, दुकानदार आहेत, पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ आहेत. मग आपल्याला शाळेपासून घरापर्यंतचा एक चढ चढताना धाप लागते आणि हे लोक दिवसभर पायडल मारून संध्याकाळी हसतमुखाने परत येतात, हे कसे? त्यांच्या पायांत जास्त जोर असतो, असे उत्तर तुम्ही चटकन द्याल. पण ते उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे उत्तर पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे, आणि तेच आज आपण पाहणार आहोत.

अशा लांब पल्ल्याच्या प्रवासांना 'ब्रेव्हे' म्हणतात. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ प्रमाणपत्र. ही प्रथा फ्रान्समधून जगभर पसरली. तिथे १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्त या बंदरापर्यंत जाऊन परत पॅरिसला यायचे, अशी सुमारे १२०० किलोमीटरांची सायकल शर्यत झाली. शार्ल तेराँ याने ती ७२ तासांच्या आत पुरी करून जिंकली. तेच पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस आता दर चार वर्षांनी होते, आणि ते ९० तासांच्या आत पुरे करायचे असते. तिथे जायचे तर आधी लहान ब्रेव्हे पार करावी लागतात. आपल्याकडे पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून ती होतात, आणि सायकलवाले त्यांना 'बीआरएम' या आद्याक्षरांनी ओळखतात.

नियम सोपे आहेत. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वाटेत ठरावीक ठिकाणी नाके असतात. तिथे वेळेत पोचून आपल्या कार्डावर नोंद करून घ्यायची. पहिला, दुसरा असे क्रमांक नाहीत. पंक्चर झाले तर आपले आपण काढायचे. मागून मदतीची गाडी आणायची नाही. भाग घ्यायला भारतात वयाची १८ वर्षे पुरी असावी लागतात, म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांना थोडे थांबावे लागेल. पण तयारीला वयाची अट नाही, आणि हिशेबाला तर मुळीच नाही.

२०० ला साडेतेराने भागा. ताशी १५ किलोमीटरांपेक्षा किंचित कमी वेग येतो. हा वेग तुमच्या आवाक्यातला आहे. पारनेरच्या बाजारपेठेतून सायकलवर जाणारा मुलगाही तेवढ्या वेगाने जातो. तेव्हा प्रश्न वेगाचा नाही. तोच वेग अकरा-बारा तासांनंतरही शिल्लक राहील का, एवढाच प्रश्न आहे.

सायकलला मागे कोण ओढते?

न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे गतिमान वस्तू बाहेरून बल लागेपर्यंत त्याच वेगाने चालत राहते. मग सपाट रस्त्यावर आपल्याला सारखे पायडल का मारावे लागते? कारण दोन विरोधक सायकलला सतत मागे ओढत असतात. पहिला विरोधक रस्त्यावर आहे. टायर जिथे टेकतो तिथे तो दबतो, आणि पुढे गेला की पुन्हा फुगतो. दबताना घेतलेली सगळी ऊर्जा फुगताना परत मिळत नाही; थोडी उष्णतेच्या रूपाने वाया जाते. यालाच लोटण-घर्षण म्हणतात. दुसरा विरोधक हवा. आपण पुढे जाताना समोरची हवा बाजूला सारावी लागते.

या दोघांचे स्वभाव निराळे आहेत. लोटण-घर्षण वेग वाढला तरी जवळजवळ तेवढेच राहते. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर हवेचा रोध चौपट होतो. शिवाय दर सेकंदाला आपण दुप्पट अंतर कापतो, म्हणून हवेवर मात करायला लागणारी शक्ती आठपट होते.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. समजा, स्वार आणि सायकल मिळून वस्तुमान ८० किलोग्रॅम आहे, स्वार ताठ बसला आहे, रस्ता सपाट डांबरी आहे, चाकांत हवा भरपूर आहे आणि वारा पडलेला आहे. अशा सायकलचे लोटण-घर्षण सुमारे ५.५ न्यूटन भरते. त्यात हवेचा रोध मिळवला की हिशेब साधारण असा येतो:

ताशी १५ किलोमीटर: एकूण रोध १०.२ न्यूटन, लागणारी शक्ती ४२ वॅट.
ताशी २० किलोमीटर: एकूण रोध १३.८ न्यूटन, लागणारी शक्ती ७७ वॅट.
ताशी २५ किलोमीटर: एकूण रोध १८.५ न्यूटन, लागणारी शक्ती १२८ वॅट.
ताशी ३० किलोमीटर: एकूण रोध २४.२ न्यूटन, लागणारी शक्ती २०२ वॅट.

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी शेजारी ठेवा. वेग दुप्पट झाला, पण शक्ती जवळजवळ पाचपट लागली. सराव असलेला निरोगी माणूस ७५ ते १०० वॅट शक्ती कित्येक तास देऊ शकतो. २०० वॅट द्यायला लागला, तर सामान्य माणूस थोड्याच वेळात थकतो. म्हणजे ताशी २० ही चाल आपल्या खिशाला परवडणारी आहे आणि ३० ची चाल ही उधळपट्टी आहे.

संथ माणूस आधी का पोचतो?

आता दोन मित्र घ्या. दोघांना सपाट रस्त्यावर २०० किलोमीटर जायचे आहे. पहिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत ताशी २० ने जातो. दुसरा सकाळच्या उत्साहात पहिले १०० किलोमीटर ताशी २५ ने कापतो, मग दमतो आणि उरलेले १०० ताशी १५ ने कसेबसे पुरे करतो. तुम्ही म्हणाल, २५ आणि १५ यांची सरासरी २०, तेव्हा दोघे एकाच वेळी पोचतील.

करून पाहा. पहिल्याला १० तास लागतात. दुसऱ्याला पहिल्या निम्म्या वाटेला ४ तास आणि दुसऱ्या निम्म्या वाटेला ६ तास ४० मिनिटे, म्हणजे एकूण १० तास ४० मिनिटे. तो ४० मिनिटे उशिरा पोचतो. कारण मंद चालीत माणूस जास्त वेळ घालवतो, म्हणून सरासरीत मंद चालीचे वजन जास्त पडते.

आणि त्याने ऊर्जा तरी वाचवली का? कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. पहिल्याचे कार्य १३.८ न्यूटन गुणिले २ लाख मीटर, म्हणजे २७६० किलोज्यूल. दुसऱ्याचे पहिल्या निम्म्यात १८५० आणि दुसऱ्या निम्म्यात १०२०, एकूण २८७० किलोज्यूल. खर्च जास्त आणि पोचायला उशीर! आधी पुढे गेलेला गडी मागे का पडतो, ते आता कळले ना? लांब पल्ल्याच्या तयारीतले पहिले सूत्र हेच: सुरुवातीला मुद्दाम हात आखडता घ्यायचा.

वाऱ्याचे कर्ज

आपला पारनेर तालुका पठारी आहे. सुप्याजवळच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या आहेत, यावरूनच इथल्या वाऱ्याची कल्पना यावी. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. त्या दिवसांत टाकळी ढोकेश्वरहून आळेफाट्याकडे निघालात, तर तो थेट छातीवर येतो. पुष्कळांना वाटते, जाताना वारा आडवा आला तरी येताना तो पाठीशी असेल, तेव्हा फिटंफाट होईल. होते का ते पाहू.

वरच्याच स्वाराने ७७ वॅट एवढीच शक्ती लावायची ठरवली आणि समोरून ताशी १० किलोमीटरांचा वारा सुटला. हवेला त्याचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज जाणवते. गणित केले, तर त्याची चाल ताशी २० वरून सुमारे १५ वर येते. परत येताना तोच वारा पाठीशी असला, तर चाल सुमारे २६ होते. जाताना १०० किलोमीटरांना ६ तास ४० मिनिटे, येताना ३ तास ५१ मिनिटे. एकूण १० तास ३१ मिनिटे. वारा नसता तर १० तासच लागले असते. म्हणजे जाताना घेतलेले कर्ज वारा येताना पुरते फेडत नाही; अर्धा तास बुडतोच.

यावर उपाय कोणता? समोरच्या वाऱ्याशी मारामारी करून जुनीच चाल टिकवायची, हा उपाय नव्हे. वरच्या वाऱ्यात ताशी २० ची चाल ठेवायला ७७ ऐवजी १३४ वॅट लागतील. शहाणा स्वार वेग कमी होऊ देतो, पण पायांवरचा भार तेवढाच ठेवतो. तो हँडलवर थोडा वाकतो, कोपरे आत घेतो, वाऱ्याने फुगणारा सदरा घालत नाही. हवेला सामोरे जाणारे क्षेत्रफळ जेवढे कमी, तेवढा रोध कमी. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत स्वार एकमेकांच्या पाठोपाठ थव्याने जातात, तेही याच कारणाने. पुढचा हवा फोडतो आणि मागच्याचे श्रम बरेच वाचतात. मात्र हीच युक्ती ट्रकच्या किंवा एसटीच्या मागे करू नका. समोरच्या गाडीने अचानक ब्रेक लावला, तर विचार करायला सेकंदही मिळणार नाही.

चढ आणि दातेरी चक्रे

मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात जो सर्वांच्या पुढे राहतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. खोपोलीकडून खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. ८० किलोग्रॅम वस्तुमान ५०० मीटर वर न्यायला ८० × ९.८ × ५००, म्हणजे ३९२ किलोज्यूल कार्य लागते. घाट अर्ध्या तासात चढा की एका तासात, यात एका ज्यूलचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो शक्तीत. अर्ध्या तासात चढणाऱ्याला केवळ उंचीसाठी २१८ वॅट लागतात आणि तासात चढणाऱ्याला १०९. राजाला पहिला आकडा हवा. ब्रेव्हेवाल्याला दुसरा पुरतो.

पण सावकाश चढायचे तर गिअर हवेत. ते का, ते पाहा. साध्या सायकलला पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक २.४४ वेळा फिरते आणि सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. आता दर १०० मीटरला ६ मीटर चढणारा रस्ता घ्या. त्यावर सायकलला मागे ओढणारे बल सुमारे ५४ न्यूटन होते. पायडलची दांडी १७ सेंटिमीटर धरली, तर एका फेऱ्यात पाय १.०७ मीटर चालतो. कार्य दोन्हीकडे सारखे असले पाहिजे. तेव्हा पायाला सरासरी ५४ × ५.४ ÷ १.०७, म्हणजे सुमारे २७० न्यूटन बल लावावे लागते. २८ किलो वजन सतत दाबत राहण्यासारखे हे आहे. म्हणूनच असा चढ लागला की आपण सीटवरून उठून सगळे अंग पायडलवर टाकतो.

आता पुढे आणि मागे सारख्याच दात्यांची चक्रे घेतली, तर एका फेऱ्यात सायकल २.२ मीटरच जाईल, पण बल सुमारे १११ न्यूटन, म्हणजे ११ किलो वजनाएवढे पुरेल. फेरे अडीचपट मारावे लागतील. गिअर ऊर्जा निर्माण करत नाहीत. ते फक्त मोठ्या नोटेची मोड करून देतात. स्नायूंना मात्र ही मोड फार मानवते. थोडे बल पुष्कळ वेळा लावणे त्यांना जमते. मोठे बल वारंवार लावले की ते लवकर शिणतात आणि गुडघे दुखू लागतात.

आणि गिअर नसले तर? खाली उतरून सायकल हाताने ढकलत चढ चढावा. यात कमीपणा मुळीच नाही.

इंजिनाला इंधन किती?

सायकलचे इंजिन म्हणजे आपण स्वतः. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव हिस्साच पायडलपर्यंत पोचतो. बाकीचा पाऊण हिस्सा उष्णता होऊन जातो. एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल. त्याचा पाव हिस्सा झाला सुमारे १ किलोज्यूल. यातून एक सोयीचा ठोकताळा निघतो: पायडलवर जेवढे किलोज्यूल कार्य, जवळजवळ तेवढ्याच किलोकॅलरी अन्नाचा खर्च. म्हणजे २०० किलोमीटर सपाट वाटेला ताशी २० च्या चालीने सुमारे २८०० किलोकॅलरी लागतील. चढउतार असले तर आणखी.

शरीरात इंधनाच्या दोन कोठ्या आहेत. एक कोठी ग्लायकोजेनची. ती यकृतात आणि स्नायूंत असते आणि लगेच कामी येते, पण तिच्यात १६०० ते २००० किलोकॅलरीच मावतात. दुसरी चरबीची. ती खूप मोठी आहे, पण तिचा नळ बारीक आहे. इंधन सावकाश येते. संथ चालीत शरीर दोन्ही कोठ्यांतून घेते. वेग वाढवला की बारीक नळ पुरत नाही आणि जवळजवळ सगळा भार ग्लायकोजेनवर पडतो. ताशी ३० च्या चालीने तासाला ७०० च्या वर किलोकॅलरी लागतात, म्हणजे तीनएक तासांत लहान कोठी रिकामी! मग पाय शिशाचे होतात, डोके गरगरते, आणि रस्त्याच्या कडेला बसावेसे वाटते.

म्हणून भूक लागायची वाट न पाहता वाटेत सतत थोडे थोडे खायचे. आतडी तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पचवून रक्तात देऊ शकतात; त्यातून २४० किलोकॅलरी मिळतात. आपल्या पिशवीत यासाठी परदेशी डबे नकोत. मध्यम केळ्यात सुमारे १०० किलोकॅलरी असतात आणि ५० ग्रॅम गुळात सुमारे १९०. राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळपोळी यांनीही काम भागते. शेंगदाण्याच्या चिक्कीत स्निग्धांश जास्त, म्हणून ती सावकाश पचते. ती सुरुवातीला खावी, शेवटच्या चढाआधी नव्हे. पोटभर जेवून लगेच सायकलवर बसणे मात्र वाईट. त्या वेळी रक्त पोटालाही हवे असते आणि पायांनाही.

घामाचे गणित

पायडलवर ७७ वॅट पोचत असतील, तर शरीरात त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे २३० वॅट उष्णता तयार होते. तासाला ती ८३० किलोज्यूल भरते. ही उष्णता बाहेर गेली नाही तर शरीराचे तापमान चढत जाईल आणि उष्माघात होईल. तो जीवघेणा असतो. ती बाहेर नेण्याचे मुख्य काम घाम करतो. १ लिटर घामाची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. तेव्हा तासाला निदान दीड पेला घाम वाळलाच पाहिजे. उन्हाची उष्णता यात आणखी मिळवा, शिवाय काही घाम न वाळताच गळून जातो. म्हणून उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जाते.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, कारण तो निघताच वाळतो. त्यामुळे आपल्याला घाम आला नाही असे वाटते आणि पाणी प्यायचे राहून जाते. सायकल चढावर मंद झाली की अंगावर येणारा वाराही कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच उष्णता जास्त तयार होते. म्हणून अनुभवी स्वार पहाटे निघतात आणि मोठे चढ ऊन तापण्याआधी उरकतात.

पण नुसते पाणी ढोसणेही बरे नव्हे. घामाबरोबर मीठ जाते. मीठ न घेता खूप पाणी प्यायले, तर रक्तातील सोडियम पातळ होऊन डोके दुखते, मळमळते, आणि फारच झाले तर जिवावर बेतते. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले की घरच्या घरी जलसंजीवनी तयार होते. लिंबू पिळले तर चवीला उत्तम.

उतार फुकट नसतो

चढ चढून मिळवलेली ऊर्जा उतारावर परत मिळते, पण ती ताब्यात ठेवावी लागते. १०० मीटर उंची उतरताना ८० किलोग्रॅम वस्तुमानाची ७८ किलोज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. तेवढ्या ऊर्जेने १ लिटर पाणी सुमारे १९ अंशांनी तापेल. ब्रेक दाबून वेग कायम ठेवलात, तर यातली बरीचशी उष्णता रिम आणि ब्रेकचे रबर यांच्या वाट्याला येते. झिजलेले रबर अशा वेळी दगा देते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ताशी ४० ने जाणाऱ्या सायकलला थांबायला ताशी २० च्या चौपट अंतर लागते. पावसात रिम ओली असेल तर त्याहूनही जास्त. तेव्हा वेग उतार सुरू होण्यापूर्वीच आवरावा, वळणावर पोचल्यावर नव्हे.

ब्रेव्हेत हेल्मेट सक्तीचे असते. अंधारात पुढे-मागे दिवे आणि अंगावर चकाकणारी पट्टी लागते. मागच्या मडगार्डवरचा लाल रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या आत एकमेकांना काटकोनात असलेल्या इवल्या पृष्ठभागांचे कोपरे असतात. त्यांत शिरलेला प्रकाशकिरण तीनदा उलटून ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. म्हणून मोटारीच्या दिव्याचा प्रकाश नेमका त्या मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांकडे येतो. त्या रिफ्लेक्टरवर चिखल बसला, तर मोटारीला तुम्ही अदृश्य आहात. तो रोज पुसा.

सरावाची चक्रवाढ

शरीराची तयारी एका रात्रीत होत नाही. नियमित सरावाने स्नायूंतील केशवाहिन्या वाढतात, पेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या वाढते, आणि चरबीचा तो बारीक नळ थोडा मोठा होतो. याला आठवडे लागतात. जाणकारांचा एक ठोकताळा आहे: आठवड्यातली सर्वांत लांब फेरी दर आठवड्याला दहाव्या हिश्शापेक्षा जास्त वाढवू नये. ही वाढ किरकोळ वाटते का? चक्रवाढ व्याजाचे सूत्र लावा. ४० किलोमीटरांपासून सुरुवात केली, तर १२ आठवड्यांनी तुम्ही सुमारे १२५ किलोमीटरांवर असाल. मधूनमधून विश्रांतीचा आठवडा घ्यावा, कारण स्नायू विश्रांतीतच सुधारतात.

हे सर्व कुठवर नेता येते? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४८०० किलोमीटरांची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या जोडीने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक चालवी तेव्हा दुसरा विश्रांती घेई. ४८०० ला २१६ तासांनी भागा. सरासरी ताशी २२ किलोमीटरांच्या आसपास येते. वेग पाहिला तर त्यात अचाट असे काही नाही. अचाट आहे ते तो वेग रात्रंदिवस न सोडणे.

करून पाहा

१. सायकलच्या चाकावर खडूची खूण करून एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते टेपने मोजा. दोनतीन आऱ्यांना एकाच ठिकाणी जाड पुठ्ठा टेकेल असा बांधून फेऱ्यांचे टकटक मोजता येते का पाहा. पण हे सायकल हाताने ढकलत करा. मग घरापासून शाळेपर्यंतचे अंतर काढा.

२. रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर एका खुणेपर्यंत ठरावीक वेगाने या आणि तिथे पायडल मारणे थांबवा. सायकल किती अंतरावर थांबते ते मोजा. मग चाकांत नीट हवा भरून पुन्हा मोजा. लोटण-घर्षण दुप्पट झाले, तर २०० किलोमीटरांत ११०० किलोज्यूल जादा खर्च होतात. तेवढ्या ऊर्जेत तुम्ही सायकलसह १४०० मीटर उंच चढला असता. आपल्या जिल्ह्यातल्या कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे, हे लक्षात घ्या. दोन मिनिटे पंप मारण्याचा आळस किती महाग पडतो!

३. एखाद्या वाऱ्याच्या दिवशी मोठ्या माणसाला सोबत घेऊन पारनेरहून सुप्याकडे किंवा आपल्या गावाजवळच्या निवांत रस्त्यावर काही अंतर जा आणि परत या. दोन्ही वेळा घड्याळ लावा. दम सारखाच लागेल अशा बेताने चालवा. मग वाऱ्याने कर्ज किती बुडवले, ते वहीत मांडा.

ही वही जपून ठेवा. अंतर, वेळ, वारा, खाल्लेले, प्यायलेले पाणी असे रकाने पाडून दर फेरीची नोंद करा. पुढे अठरा वर्षांचे होऊन ब्रेव्हेच्या पहिल्या नाक्यावर उभे राहाल, तेव्हा तुमच्या कार्डावर एक शिक्का पडेल. पण त्याआधीचे सगळे शिक्के याच वहीत पडलेले असतील.